रत्नागिरी शहराची एका दिवसाची खासगी सहल : आखणी, वाट आणि वेळा

निवळी फाट्यावरून गणपतीपुळ्याकडे वळणाऱ्या गाड्यांपैकी फार थोड्या गाड्या रत्नागिरी शहरात शिरतात आणि ज्या शिरतात त्यांतल्याही बहुतेक थिबा राजवाड्यासमोर अर्धा तास थांबून पुढची वाट धरतात. याचे वाईट वाटते, कारण हे शहर एक पूर्ण दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे आणि तो दिवस नीट आखला तर घरातील वृद्धांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना झेपतो. मुंबईहून किंवा घाटावरून येणाऱ्या आपल्याच पाहुण्यांना शहर दाखवायचे असो, किंवा स्वतःच्या कुटुंबासाठी गाडी करून यायचे असो, पुढील आखणी दोघांच्याही उपयोगी पडेल.

आखणीला लागण्यापूर्वी या शहराची एक बाजू लक्षात घ्यावी. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात समुद्रावरची वाहतूकही बंद, अशी रत्नागिरीची स्थिती ब्रिटिश काळात होती. रेल्वेही तेव्हा नव्हती; कोकण रेल्वे पूर्ण होऊन संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या १९९८ मध्ये. त्यामुळे ज्या माणसांना राजकारणापासून आणि लोकांपासून लांब ठेवायचे, त्यांच्यासाठी ब्रिटिश सरकारला ही जागा सोयीची वाटली. ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा येथे तीस वर्षे राहिला आणि येथेच वारला. अंदमानातून परत आणलेले स्वातंत्र्यवीर सावरकर येथे तेरा वर्षे स्थानबद्ध होते. याच शहरात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना मात्र सरकारने उलट दिशेने, ब्रह्मदेशातील मंडालेला पाठवले. ही तीन नावे एका माळेत ओवून शहर पाहिले तर ठिकाणे सुटी राहत नाहीत. म्हणूनच पुढील क्रमात राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर ही ठिकाणे एकापाठोपाठ घेतली आहेत.

दिवस कोणता निवडावा

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत हापूस असतो, पण घामाच्या धारा लागतात आणि दुपारी अकरानंतर किल्ल्यावर उभे राहवत नाही. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हाची हिरवाई पाहण्यासारखी असते हे खरे, तरीही शेवाळलेल्या जांभ्यावर पाय घसरतो, समुद्राजवळ जाता येत नाही, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असल्यामुळे बंदरही शांत असते. वृद्ध माणसे बरोबर असतील तर पावसाळ्यातील सहल राजवाडा आणि शहराचा आतला भाग एवढ्यापुरतीच ठेवावी.

वार निवडताना सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी थिबा राजवाड्यातील संग्रहालय बंद असते. राजवाड्याच्या दुरुस्तीची कामेही अधूनमधून चालू असतात, म्हणून आदल्या दिवशी निवासाच्या ठिकाणी किंवा गाडीवाल्याकडे चौकशी करून ठेवावी. गणपतीत आणि शिमग्यात गाडी चालवणारे बहुतेक जण आपापल्या गावी, आपल्या घरच्या गणपतीपाशी किंवा पालखीबरोबर असतात. त्या दिवसांत गाडी मिळेल या भरवशावर येऊ नये.

तिसरी गोष्ट बाहेरून येणारे सहसा विचारात घेत नाहीत, ती म्हणजे तिथी. भरतीची वेळ काढण्याचा दर्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा आहे, की तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला हे उत्तर सहा येते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येते. तेव्हा भरती दुपारी होते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी दूर गेलेले असते. मुलांना संध्याकाळी मांडवी किनाऱ्याच्या वाळूवर खेळायला मोकळी जागा हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस घ्यावा, आणि धक्क्यावर बसून भरल्या समुद्राच्या लाटा पाहायच्या असतील तर अष्टमीच्या आसपासचा घ्यावा. हा हिशेब ढोबळ आहे. पाण्यात उतरायचे असल्यास त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरील माणसांना विचारूनच उतरावे.

गाडी आणि माहीतगार माणूस

शहरातील सर्व ठिकाणे एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत, पण रस्ते चढउताराचे आहेत. तीन माणसांपर्यंत दिवसभरासाठी ठरवलेली रिक्षा पुरते आणि आळ्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर ती मोटारीपेक्षा सोयीची पडते. त्याहून अधिक माणसे असतील तर मोटार घ्यावी. बोलणी करताना केवळ एकूण रक्कम विचारून थांबू नये. किती तास, किती किलोमीटर, थांबण्याचे पैसे वेगळे आहेत का, किल्ल्यावर गाडी कुठपर्यंत नेणार, स्टेशनवरून घेणे आणि स्टेशनवर सोडणे त्यात धरले आहे का, हे पाच प्रश्न आधीच विचारून घ्यावेत आणि ठरलेले सर्व मोबाइलवर लिहून पाठवावे. रेल्वे स्टेशन शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. त्या फेरीच्या भाड्यावरून शेवटी वाद होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

माहीतगार माणूस बरोबर असावा असे माझे ठाम मत आहे, कारण या शहरातील ठिकाणी लावलेले फलक त्रोटक आहेत आणि खरा इतिहास सांगणाऱ्याच्या तोंडून कळतो. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, महाविद्यालयात इतिहास शिकणारी मुले, किंवा कातळशिल्पांच्या शोधकार्यात भाग घेतलेले तरुण येथे आहेत, आणि वाचनालयात किंवा निवासाच्या ठिकाणी चौकशी केली तर त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. अशा व्यक्तीला मानधन किती द्यायचे हे संकोच न करता आधी विचारावे. ‘तुम्ही सांगाल ते’ असे उत्तर आले तरी आपणच एक वाजवी आकडा सांगावा, म्हणजे दोन्ही बाजूंना दिवसभर मोकळेपणा राहतो. माहीतगार मिळाला नाही तर आदल्या रात्री घरातील एकाने थिबा राजा, टिळक आणि सावरकर यांच्याविषयी वाचून यावे आणि त्या त्या ठिकाणी इतरांना सांगावे. मुलांपैकी कोणी हे काम अंगावर घेतले तर फारच उत्तम.

सकाळ : मिरकरवाडा आणि रत्नदुर्ग

दिवसाची सुरुवात शक्य तितक्या लवकर करावी. ज्यांना माशांच्या वासाचे वावडे नाही त्यांनी उजाडताच मिरकरवाडा बंदरावर जावे. नौका धक्क्याला लागलेल्या असतात, टोपल्या उतरत असतात आणि लिलावाची बोली इतकी झरझर चालते, की कानांना सवय होईपर्यंत कोणी काय घेतले हे कळत नाही. येथे लोक आपल्या कामात असतात, म्हणून वाटेत उभे राहू नये, आणि कोणाचा फोटो काढायचा असेल तर ‘मावशी, काढू का?’ असे विचारून परवानगी मिळाल्यावरच काढावा. पायात घट्ट पकडीच्या चपला असाव्यात, कारण धक्का कायम ओला असतो. अर्धा तास पुरे होतो.

तेथून रत्नदुर्ग अगदी जवळ आहे. सुमारे १२० एकरांवर पसरलेला हा किल्ला घोड्याच्या नालाच्या आकाराचा असून तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बहमनी काळात उभा राहिलेला हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे तो आंग्र्यांकडे व नंतर पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये ब्रिटिशांच्या हाती पडला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे मोठी गर्दी असते. गाडी बालेकिल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते आणि त्यापुढे पायऱ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी एकेक पायरी सावकाश चढावी, किंवा पायथ्यालाच बसावे. तेथूनही समुद्र दिसतो.

दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरू नये. तटावरून सावकाश फिरावे आणि तटाचा दगड जवळून पाहावा. हा जांभा. रंग गंजलेल्या लोखंडासारखा, आणि अंगावर बोटाचे टोक जाईल एवढाली छिद्रे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो, की अवजाराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि हवा लागत गेली की तो कठीण होतो. कोकणातील घरे, विहिरी, गडगे, देवळांची जोती आणि किल्ले याच दगडाचे आहेत. पुढे राजवाड्याच्या भिंतीही याच दगडाच्या दिसणार आहेत, तेव्हा मुलांना तो येथे हाताने चाचपू द्यावा.

किल्ल्याच्या दक्षिण टोकाला सिद्ध बुरुजावर १८६७ सालचे दीपगृह आहे. ते पाहुण्यांसाठी दुपारनंतर थोडाच वेळ उघडे असते, त्यामुळे सकाळी किल्ला पाहणाऱ्यांना दीपगृहात जाता येत नाही. दीपगृह पाहायचेच असेल तर किल्ला सायंकाळी घ्यावा आणि मांडवी सोडून द्यावी. मला विचाराल तर सकाळचा किल्ला अधिक चांगला, कारण ऊन पाठीशी असते, तटावर गर्दी नसते आणि खाली बंदरात शिरणाऱ्या नौका स्पष्ट दिसतात. किल्ल्याच्या परिसरातच रत्नागिरीचे दानशूर व्यावसायिक भागोजीशेठ कीर यांनी उभारलेले भागेश्वराचे मंदिर आहे. हे नाव लक्षात ठेवावे, कारण दुपारी ते पुन्हा येणार आहे.

थिबा राजवाडा

न्याहारी करून दहाच्या सुमारास राजवाड्यावर पोहोचावे. दिवसातील सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा. दीड तास हा कमीत कमी धरावा.

थिबा (ब्रह्मी उच्चार थिबॉ) हा कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. तो १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात ब्रिटिशांनी अवघ्या काही आठवड्यांत त्याचे राज्य घेतले, राजाला व राणी सुपयालतला बोटीत बसवून देशाबाहेर काढले आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचा देश ब्रिटिश साम्राज्यात सामील झाल्याचे जाहीर केले. मद्रासला काही काळ ठेवून एप्रिल १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणण्यात आले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याच्या आधी पाव शतक ब्रिटिशांनी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला नेऊन ठेवले होते, आणि १८६२ मध्ये तो तेथेच वारला. एका देशाचा राजा दुसऱ्या देशात नेऊन विस्मरणात टाकण्याची ही पद्धत येथे आलेल्या पाहुण्यांना राजवाड्याच्या पायरीवरच समजावून सांगावी, म्हणजे आतील रिकाम्या दालनांकडे पाहण्याची नजर बदलते.

हा राजवाडा राजाला पहिल्यापासून मिळाला नव्हता. त्याची पहिली चोवीस-पंचवीस वर्षे बंगल्यांत गेली आणि १९१० च्या सुमारास ही तीन मजली इमारत तयार झाल्यावर तो येथे राहायला आला. येथे त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. इमारत पाहताना आधी बाहेरून पूर्ण फेरी मारावी. जांभ्याच्या लाल भिंती, उतरती छपरे आणि लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या यांचा मेळ कोकणातील दुसऱ्या कोणत्याही वाड्यात दिसत नाही. आत संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आहे आणि मागील बाजूस बुद्धमूर्ती आहे. खालच्या दालनांत पुरातत्त्व विभागाचे प्रादेशिक संग्रहालय आहे. संग्रहालय भरगच्च नाही. येथे वस्तूंपेक्षा जागा पाहायची आहे. वरच्या मजल्यावर जाऊ देत असतील तर अवश्य जावे आणि खाडीच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहावे.

राजाच्या चार मुली येथेच वाढल्या. थोरल्या राजकन्येचा येथील गोपाळ सावंत यांच्याशी संबंध जुळला. त्यांची मुलगी टूटू हिने आपले आयुष्य रत्नागिरीतच, मराठी बोलत, साध्या घरात काढले आणि २००० साली तिचे निधन झाले. ही हकिगत सांगताना ती चविष्ट गोष्ट म्हणून सांगू नये. एका राजघराण्याची पुढची पिढी कोकणातल्या माणसांत मिसळून गेली, आणि येथील शेजाऱ्यांनी तिला आपली मानली, हा या शहराच्या चांगुलपणाचा भाग आहे.

राजवाड्यानंतर गाडीवाल्याला शिवाजीनगरमधील समाधीकडे नेण्यास सांगावे. पर्यटक येथे क्वचितच येतात. थिबा आणि त्याची धाकटी राणी सुपयागले यांच्या समाध्या येथे आहेत. थोरली राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत गेली आणि १९२५ मध्ये रंगूनला वारली, म्हणून तिची समाधी येथे नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीच्या दर्शनासाठी रत्नागिरीत आले होते. आजूबाजूला लोकवस्ती आहे, म्हणून आवाज जपावा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

थिबा पॉइंट राजवाड्यापासून जवळ आहे. तेथून काजळी नदीचे मुख, भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचे सुरूचे बन एका नजरेत येते. दुपारच्या उन्हात ते पाहून घ्यावे, की सायंकाळी परत यावे, हे माणसांच्या उत्साहावर सोडावे.

दुपार : टिळक आळी, पतितपावन आणि वाचनालय

जेवणासाठी घरगुती खानावळ निवडावी. मासे खाणाऱ्यांनी थाळी मागवण्यापूर्वी त्या दिवशी ताजे काय आले आहे आणि दर काय आहे, हे विचारावे. सुरमई व पापलेट यांचे दर रोज बदलतात, आणि बांगडा ताजा असेल तर तो स्वस्त आणि चविष्ट दोन्ही असतो. शाकाहारी मंडळींनी उकडीचे मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगून ठेवावे. जेवणानंतर सोलकढी घ्यावी आणि अर्धा तास विसावावे.

त्यानंतर टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान पाहावे. २३ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म या कौलारू घरात झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली होईपर्यंत बाळचे बालपण याच परिसरात गेले. घर लहान आणि साधे आहे, अंगणात माड आहेत, आत छायाचित्रे व माहिती मांडलेली आहे. राजवाड्याच्या पाठोपाठ हे घर पाहण्याचे कारण येथे सांगावे. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर टिळकांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले, ते जून १९१४ मध्ये सुटेपर्यंत. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता, त्याच वर्षांत रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेत कैदेत होता. ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी, एकामागून एक पाहता येतील असे गाव जगात दुसरे नाही. तरीही बहुतेक सहलींत ती जोडली जात नाहीत, याची मला खंत आहे.

तेथून पतितपावन मंदिर जवळच आहे. जानेवारी १९२४ मध्ये सावरकरांना तुरुंगातून सोडले ते दोन अटींवर, की त्यांनी रत्नागिरी जिल्हा सोडू नये आणि राजकारणात भाग घेऊ नये. १९३७ पर्यंत ही बंधने राहिली. या काळात त्यांनी अस्पृश्यता निवारणाचे काम हाती घेतले, आणि सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेले हे मंदिर १९३१ मध्ये उभे राहिले. त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. सकाळी किल्ल्यावर ज्यांचे नाव ऐकले तेच हे गृहस्थ. मंदिर आजही नित्य पूजेचे आहे, म्हणून इतिहास सांगायचा तो बाहेर अंगणात सांगावा आणि आत शांतपणे दर्शन घ्यावे.

वाचनाची आवड असणाऱ्यांनी जिल्हा नगर वाचनालयात डोकवावे. १८२८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी आहे. मुले कंटाळली असतील तर वाचनालयाऐवजी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातील मत्स्यालय दाखवावे. तेथील देवमाशाचा सांगाडा मुले सहसा विसरत नाहीत.

संध्याकाळ आणि परतीची तयारी

सूर्यास्ताच्या तासभर आधी मांडवीला पोहोचावे. येथील वाळू काळी आहे आणि ओहोटीला ओल्या वाळूवर आकाशाचा रंग उतरतो. धक्क्यावर बसायला जागा आहे, भेळ आणि कोकम सरबत मिळते. भाट्याचा किनारा अधिक लांब आणि मोकळा आहे, परंतु खाडीच्या मुखापाशी ओहोटीच्या वेळी पाण्याला ओढ असते, म्हणून तेथे पोहण्यास उतरू नये आणि मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये.

खरेदी मांडवीहून परतताना बाजारात करावी. आंबापोळी, फणसपोळी, काजू, कोकम आगळ या वस्तू वर्षभर मिळतात. हापूसची पेटी घ्यायची असेल तर थेट बागायतदाराकडून घ्यावी आणि किती तयार फळ हवे हे सांगावे. प्रवासासाठी चार-पाच दिवसांत पिकणारे कच्चे फळ बरे पडते. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे पेटीवर उत्पादकाचे नाव व नोंदणी आहे का हे पाहण्यास हरकत नाही.

ज्यांच्याजवळ अर्धाच दिवस आहे, त्यांनी मिरकरवाडा, किल्ला आणि वाचनालय सोडावे, पण राजवाडा, समाधी, टिळकांचे घर व पतितपावन हा क्रम मोडू नये. ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस आहे, त्यांनी गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या सागरी रस्त्याने जावे आणि पुढे मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहावे. उक्षीची कातळशिल्पे पाहायची असतील तर त्यांना स्वतंत्र सकाळ द्यावी. दक्षिणेकडे परतणाऱ्यांना स्वामी स्वरूपानंदांचे पावस सोयीचे आहे. एकाच दिवशी दोन्ही दिशा करू नयेत.

रात्रीच्या गाडीने परतायचे असेल तर मांडवीहून निघून जेवण करून गाडीच्या वेळेच्या किमान पाऊण तास आधी स्टेशनवर पोहोचावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या कमी वेगाने धावतात, म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात परतीच्या गाडीची वेळ तिकीट काढताना आणि निघण्याच्या दिवशी सकाळी अशी दोनदा तपासून पाहावी.